नर्सच्या घरात कूलर कुठे आहे?

नागपूर,
१८ मे २०२५

ती. बाबांस,

मेघाचा जय भीम. आईलाही सांगा.

तुमचा गुडघा आता बरा आहे, असं धाकट्या उन्नतीनं कळवलं. गावी खाप्याला संध्याकाळी नदीवरून थोडा तरी वारा येत असेल. इथे डांबराला चप्पल चिकटून राहिली आहे. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. सगळी नोकरी पोस्टात काढलेला माणूस आलेलं पत्र फोडल्याशिवाय ठेवणार नाही, एवढा भरवसा आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात एका सिनेमाचं शूटिंग झालं. नायिका नागपूरची नर्स, एकटी राहणारी. तिला सलाईन लावायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सेट सजवणारी रितिका एक दिवस म्हणाली, "चल, तुला हिचं घर दाखवते."

बेसा भागातल्या नव्या वस्तीतलं दुमजली घर होतं. भिंतभर काच, मलईसारखा सोफा, वर जायला गोल जिना. मला हसूच आवरेना.

"काय चुकलं?" रितिका घाबरली.

"ही नर्स आहे की दवाखान्याची मालकीण? आणि मे महिन्याचं ऊन सरळ आत येऊन राहिलं. कूलर कुठे आहे हिचा?"

दिग्दर्शक विहंगसर मागेच उभे होते. म्हणाले, "लोक तिकीट काढून स्वतःचंच घर बघायला येत नाहीत हो. सिनेमात कोण हिशेब करतं?"

"आम्ही करतो ना, सर. पहिल्या सीनपासून. नर्सच्या पगारात हे घर होत नाही. म्हणजे खर्च दुसरं कोणी करत असणार. मग ती एकटी कुठली? त्या माणसाला विचारल्याशिवाय तिला हा सोफासुद्धा हलवता येणार नाही."

मला हे कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही कधी विचारलं नाही, बाबा. माझ्या लग्नानंतर प्रीतमचा बेसा भागातलाच फ्लॅट तुम्ही पाहिला, एसीखाली बसलात, गावभर कौतुक केलंत. तिथे खिडकी उघडायलाही मला त्याची परवानगी लागायची. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

"मग ती राहील तरी कुठे?" सरांनी विचारलं. मी त्यांना माझ्याच घरी घेऊन गेले.

हो, माझ्या घरी. तुम्हाला वाटतं तशी मी मैत्रिणीकडे राहत नाही; प्रेमलताकडे पहिला महिनाच होते. नंतर मानेवाड्याला गच्चीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सर दोन्ही खोल्यांतून फिरले. वाळत घातलेला युनिफॉर्म, खिडकीतला लोखंडी कूलर, त्याच्या टाकीत सोडलेला पाइप, सगळं बघितलं. मग म्हणाले, "रितिका, काहीही हलवू नकोस."

शूटिंगच्या दिवशी खाली घरमालकीण यमुताईंनी पूर्ण युनिट अडवलं. "माह्या छतावर शूटिंग करता, अन् मलेच विचारत नाही? आधी हिरोइनसोबत फोटो काढून द्या!" फोटो निघाला, मगच कॅमेरा वर गेला.

आवाज रेकॉर्ड करणाऱ्यानं कूलर बंद करायला लावला. एक सीनही पुरा झाला नाही, तोच नायिका ओरडली, "चालू करा तो, नाहीतर मला खरंच सलाईन लावावं लागेल!"

परवा सिनेमा लागला. यमुताईंना घेऊन गेले. एका सीनमध्ये नायिका ड्यूटीवरून येते, कूलर लावते. पंखा फिरतो पण पाणी चढत नाही. ती डाव्या बाजूला एक जोरदार थाप मारते. माझीच थाप, मीच शिकवलेली. पाणी सुरू झालं आणि थेटरात शिट्ट्या वाजल्या, बाबा! मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "पाहा, आपल्यासारखाच हाये जी, हिचा कूलर." यमुताई उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "घर माह्यं हाये! अन् राहणारी ही बसली!" लोक वळून बघत होते. मी मान खाली घातली नाही.

मी प्रीतमचं घर सोडून खाप्याला आले, तेव्हा तुम्ही दारातच म्हणाला होतात, "एकट्या बाईचं घर सिनेमात चालते, मेघा. परत जाय." मी परत गेले नाही, आणि तुम्ही बोलणं सोडलंत. आता सिनेमातही चालतं आहे. मानेवाड्यात तर दोन वर्षांपासून चालतं आहे.

आईला घेऊन या. सिनेमा पाहा नाहीतर नका पाहू, घर पाहा. सोफा नाही. तुमची खाट कूलरसमोर घातली आहे आणि त्याच्या जाळ्यांतलं गवत कालच बदललं. पत्ता वर लिहायला हात धजला नव्हता, तो खाली लिहिते.

तुमचीच,
मेघा गोविंदा खोब्रागडे
यमुताईंच्या घरी, गच्चीवर,
मानेवाडा, नागपूर

दारावर एकच नाव आहे. वाजवत बसू नका, लोटून आत या.