भिंतीवरच्या काचा

कवठे महांकाळ
९ फेब्रुवारी

माझी माया,

तुला, इंद्रजितरावांना आणि आपल्या बाळीला आईचा आशीर्वाद. पाटणला अजून गारठा असेल. बाळीला टोपरं घालत जा, आणि तुझा शेक चुकवू नकोस. सासूबाई सगळं मायेनं करतात असं तू सांगितलंस, ते ऐकून जीव थंड झाला. त्यांना माझा नमस्कार सांग. डिंकाचे लाडू करून ठेवलेत, तिकडं जाणारं कुणी भेटलं की पाठवते.

इथं द्राक्षं उतरायला लागली. बेदाण्याच्या शेडवर बायका जायला लागल्या. आपली शेळी व्याली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड एकही नाही.

पत्र बघून तू घाबरली असशील. दुपारी चोरून का होईना, फोन होतो की आपला. मग पत्र कशाला? अगं, फोनवर तू विचारतेस, "आण्णा कसे हायत?" आणि मी म्हणते, "बरं हाय." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुझे दिवस भरत आले होते. नंतर तेच तोंडात बसलं. आज कागद घेतला, कारण बोलताना तुझा आवाज ऐकला की मी परत तेच म्हणणार.

आधी भिंतीचं सांगते.

आपल्या रस्त्याकडच्या भिंतीवर ग्राऊंडवरची पोरं बसतात, हे तुला नवीन नाही. फौजेच्या भरतीची पोरं. पहाटे पळून झालं की भिंतीवर चढायची, बूट काढून घाम वाळवायची, मोबाईलवर गाणी लावायची. तू इंद्रजितरावांबरोबर निघून गेल्यापासून आण्णांना ते बघवेना झालं. पहिल्यांदा नुसतं ओरडायचे. एकदा बादलीनं पाणी मारलं, तर पोरं म्हणाली, "बरं झालं आण्णा, आंघुळ झाली." मग गॅरेजमधनं जळकं ऑईल आणून वर फासलं. पोरांनी पोती टाकली आणि बसली. मग बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. त्या पोरांनी उचलून आपल्याच शेळीपुढं टाकल्या.

रंगुबाईचा शिवतेज त्यांच्यात पुढं. तुला आठवत असेल, लहानपणी आपल्याकडं ताक न्यायला यायचा. आता चांगला उंचापुरा झालाय. तो हसत म्हणाला, "आवं आण्णा, बसून भिंत झिजती का?"

आण्णा म्हणाले, "माझ्या भिंतीचं मी बघतो. तू खाली उतर."

गणपतीच्या आधी त्यांनी गवंडी बोलावला. भंगारातनं बाटल्या आणल्या, फोडल्या आणि भिंतीवर सिमेंटात काचा उभ्या केल्या. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, "आवं, लेकरांचं हात कापतील."

"कापू देत. एकदा कापलं म्हंजी परत कोण चढणार न्हाई."

असं म्हणताना ते पोरांकडं बघत नव्हते. त्या कोपऱ्याकडं बघत होते, जिथं त्यांच्या आत्याकडं राहायला आल्यावर इंद्रजितराव बसायचे. मला तेव्हाच कळलं, हे पोरांचं नाही. पण मी गप बसले. माझं कवा ऐकलंय त्यांनी?

पोरं यायची बंद झाली. आण्णांनी गेटलाही आतून कुलूप घालायला सुरुवात केली. किल्ली खिशात. पलटणीतली शिस्त म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर मी शेजारच्या अंकिताबरोबर सांगलीला डोळे दाखवायला गेले होते. आण्णा घरी एकटेच. संध्याकाळी शिवतेज आणि त्याचा दोस्त साईराज ग्राऊंडवरनं निघाले होते. त्यांना आपल्या अंगणात बादली पडल्याचा आवाज आला, मग कण्हण्याचा. गेटच्या फटीतनं बघितलं तर आण्णा हौदापाशी पडलेले, तोंड वाकडं झालेलं. हाका मारल्या, पण उठता येईना त्यांना.

साईराज कुलूप तोडायला पहार आणायला पळाला. शिवतेज थांबला नाही. साईराजनं लांबनंच ओरडून सांगितलं, "काचा हायत रं वर!" तो म्हणाला, "म्हायती हाय." खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि चढला. टॉवेल सरकला. उजवा तळवा काचेवर आला, आणि त्याच हातावर सगळं अंग पेलून तो आत उतरला. आण्णांच्या खिशातनं किल्ली काढली, गेट उघडलं. साईराजनं नंतर मला आणून दिली तेव्हा किल्ली लालच होती गं.

भाजीच्या टेम्पोत घालून पोरांनी त्यांना सांगलीला आणलं. साईराजचा फोन आला तशी मी दवाखान्यात धावले. शिवतेज बाकावर बसला होता, हाताला टॉवेल गुंडाळून. मला वाटलं, रक्त आण्णांचं आहे. मी विचारलं, "तुला काय लागलंय का रं?"

"काय न्हाई काकू. आधी आण्णांकडं बघा."

आणि मी आण्णांकडंच बघितलं.

डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला असता तर हाताला लागले नसते. जीव वाचला. उजवी बाजू गेली. बोलणं गेल्यासारखंच, एखादा शब्द येतो. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. माया, हे मी तुझ्यापासून लपवलं. रागाव, पण पुढचं वाच.

शिवतेज मैदानात पास झाला होता, लेखीही निघाली होती. नुसतं मेडिकल राहिलं होतं. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या, बंदुकीचा घोडा ओढायच्या बोटाची शीर तुटलेली. टाके पडले, जखम भरली, पण बोट मुडपत नाही. मेडिकलला त्याला बोट वाकवायला सांगितलं. त्यानं डाव्या हातानं धरून वाकवून दाखवलं म्हणे. त्यांनी परत पाठवला. आता तो बेदाण्याच्या शेडवर जातो.

मी रंगुबाईकडं गेले. तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकली. म्हणाली, "वैनी, मी बी त्येला बोलले, तू कशापायी चढलास? ज्यांनी काचा लावल्या त्यांच्यासाठी? तर मलाच म्हणतोय, आई, तवा काय सुचतंय व्हय." मी उठले तशी म्हणाली, "तुमी येत जाऊ नका. तुमाला बघितलं की माझ्या तोंडाला नको नको ते येतं. आन ते तुमाला बोलायचं न्हाई मला."

तिचं काय चुकलं? मी जात नाही आता.

आण्णांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण साईराज भेटायला आला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. पोरगं जीभ चावून बसलं. आण्णांनी डावा हात उचलला, डोळ्यांपुढं धरला आणि पहिलं बोट वाकवलं, सरळ केलं, परत वाकवलं. कितीतरी वेळ. बंदुकीवर अख्खी नोकरी केलेला माणूस. त्या बोटावर काय काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात होते. बाहेर येऊन बघते तर खाट मोकळी. भिंतीपाशी गेले होते, पाय ओढत, आणि डाव्या हातानं दगड मारत होते काचांवर. हात पुरत नव्हता. दगड परत त्यांच्याच अंगावर पडत होता. तोंडातनं एकच, "काढ. काढ." मी त्यांना धरून आणलं, निजवलं आणि हातोडा घेतला. भिंत मोकळी केली. जमतील तेवढ्या काचा उचलल्या, तरी शेळीच्या खुरात एक गेलीच.

वाटलं होतं, पोरं परत येतील. येत नाहीत. पलीकडच्या कडेनं जातात, आणि आपल्या घरापुढं आली की गाणं बंद करतात.

त्या दिवसापासून आण्णा खात नाहीत. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या.

माया, अशा वेळी आया लिहितात, बाप तुझं नाव घेतोय, ये. मी तसं लिहिणार नाही. फोनवर जेवढं खोटं बोलले तेवढं बास झालं. त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. बाळी झाल्याचं मी कानात सांगितलं, तेव्हा डोळे मिटून घेतले. ते झोपेनं की कशानं, मला कळलं नाही. तू आलीस तर तुझ्याकडं बघतील की मान फिरवतील, तेही मला सांगता येत नाही. मान फिरवली तर तुला किती लागेल, ते जाणून लिहितेय.

पण मी कुणीतरी आहे ना गं? दिवसभर त्या माणसाचा हात धरून बसते. हाच हात काचा लावणारा, हाच तुला घास भरवणारा. राग करू की रडू, ते कळत नाही, आणि विचारायला घरात कुणी नाही. तू त्यांच्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी ये. बाळीला घेऊन ये, इंद्रजितरावांना घेऊन ये, दिवसाढवळ्या ये. गल्लीनं बघू दे.

सगळा संसार त्यांना विचारून केला. हे एवढं

त्यांना न विचारता लिहिणारी,
तुझी आई
बयाबाई