मिल्स रोडच्या पंधरा समाधानी फॉर्मांविषयी

प्रति,
मा. समिती अधिकारी,
अंदाजपत्रक छाननी समिती,
थॉर्नमिन्स्टर सिटी कौन्सिल

अर्जदार: ऋजुता परीक्षित टिपणीस, मिल्स रोड, आणि शेवटच्या पानावर सह्या करणारे चौदा रहिवासी

विषय: पोलीस मनुष्यबळ कपातीच्या अहवालातून मिल्स रोड विभागाचे पंधरा फॉर्म वगळण्याबाबत (तिसरा अर्ज)

संदर्भ: १) कौन्सिलचा अहवाल, दि. ३ नोव्हेंबर २०२५, परिच्छेद ४.७
२) माझे अर्ज, दि. १० नोव्हेंबर व ८ डिसेंबर २०२५, आणि आपली दोन उत्तरे

महोदया,

१. मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता मिल्स रोड लायब्ररीच्या मागच्या खोलीत पुढील गोष्टी होत्या: खुर्च्या अठरा, मराठी ज्येष्ठ नागरिक पंधरा, दिवाळीच्या फराळाचे डबे अकरा, कौन्सिलच्या सुरक्षितता पाहणीचे कोरे फॉर्म पंधरा, पेने चार, आणि पोलिसांच्या गणवेशातल्या कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर जॅकी ओल्डरॉइड. सव्वाअकराला फॉर्म भरून झाले. पंधराही फॉर्मांवर 'माझ्या भागात मला कसलीही चिंता वाटत नाही' याच चौकटीत खूण होती.

२. या पंधरा खुणांच्या आधारे परिच्छेद ४.७ मध्ये मिल्स रोड हा शहरातला सर्वांत निश्चिंत विभाग ठरला आहे, आणि इथे पायी फिरणारे एकमेव पद, म्हणजे जॅकीताईंचे, ३१ मार्चपासून रद्द करण्याची शिफारस झाली आहे. पदाचा निम्मा खर्च कौन्सिल देते. शहराकडे पैसे कमी आहेत हे मला समजते. अहवालातली बेरीज मी तपासली, ती बरोबर आहे. चूक मोजणीत आहे, आणि ती मोजणी मी घेतली होती.

३. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना कसा घ्यावा हे मला शिकवलेले आहे. तरीही ज्यांच्या कामाबद्दल विचारायचे त्यांनाच खोलीत बसवून मी प्रश्न मराठीत वाचून दाखवले. जॅकीताई आपण होऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि चकली खात होत्या. पण दिवाळीच्या तोंडावर, आपल्या हातचा फराळ खाणाऱ्या माणसासमोर, कोणी तक्रारीच्या चौकटीत खूण करील ही अपेक्षाच चुकीची होती. नंतर मी त्या पंधरांतल्या दीनानाथकाकांना विचारले. ते म्हणाले, "अगं, पोरगी समोर बसलेली. चिंता आहे असं लिहिलं तर साहेब तिलाच धरतील ना? मी तर वर दोन ओळी लिहिणार होतो की मुलगी गुणी आहे, पण जागाच नव्हती." बाकी चौदा जणांचे म्हणणे थोड्याफार फरकाने हेच होते. जॅकीताईंची नोकरी राहावी म्हणून त्यांनी ज्या खुणा केल्या, त्याच खुणांनी ती जात आहे.

४. हे मी पहिल्या अर्जात कळवले होते. फॉर्म निनावी असल्यामुळे त्यांतले कोणते पंधरा वगळायचे हे ठरवता येत नाही, असे आपले उत्तर आले. मिल्स रोड विभागातून एकूण फॉर्म पंधराच आले आहेत, हे मी दुसऱ्या अर्जात कळवले. त्यावर माझे मत कौन्सिलला मोलाचे वाटते, असे उत्तर आले.

५. दरम्यान २५ नोव्हेंबरला मी त्याच खोलीत पुन्हा मोजणी केली. जॅकीताईंना यायचे नाही असे सांगितले होते. फराळ नव्हता. मालविकाताई नागपूरला गेल्यामुळे चौदा जण होते. चिंता वाटते का, हे न विचारता गेल्या वर्षभरात काय काय घडले एवढेच विचारले. उत्तरे अशी येत होती: "तशी चिंता काही नाही, फक्त मागचं दार दोनदा उचकटलं." "चिंता कसली, पोरं अंडी फेकतात, धुऊन टाकतो." चौदा जणांकडून तेवीस घटना निघाल्या. त्यांपैकी पोलिसांच्या नोंदीत तीन आहेत. अठरा जॅकीताईंना रस्त्यात किंवा लायब्ररीत तोंडी सांगितल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी वर 'लिहू नका हं' असेही सांगितले होते. दोन कोणालाच सांगितल्या नव्हत्या.

६. या तेवीसांतल्या चार घटना एकट्या दीनानाथकाकांच्या आहेत. काका शहात्तर वर्षांचे आहेत. मुलगा विनय आणि सून शिल्पा सकाळी सातला कामावर जातात, त्यानंतर काका घरी एकटे असतात. गेल्या वर्षी दोन माणसे आली, छपराची कौले निसटली आहेत म्हणाली, शिडी लावून वर गेली आणि उतरल्यावर पैसे घेऊन गेली. घरी काम करायला आलेल्या माणसांना काकांनी चहाही दिला. ती माणसे त्यानंतर तीन वेळा आली. चौथ्या खेपेला जॅकीताई फाटकाशी उभ्या होत्या, म्हणून ती आत आली नाहीत. विनयला कळले तर तो आपल्याला नागपूरला परत पाठवील, या भीतीने काकांनी हे घरात सांगितले नव्हते आणि जॅकीताईंनाही लिहू दिले नव्हते. हा परिच्छेद लिहायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "अर्जातून कळण्यापेक्षा मीच सांगतो." काल, रविवारी, त्यांनी सांगितले. विनयदादा आज कामावर गेलेले नाहीत. सह्यांमध्ये पहिली सही काकांची आहे.

७. पद रद्द झाल्यावर रहिवाशांनी पोलिसांचा बिगर-तातडीचा फोन वापरावा, असे अहवाल म्हणतो. त्याचीही चाचणी घेतली. १२ ते १६ जानेवारी, रोज सकाळी अकरा वाजता, काकांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि प्रयोगशाळेत बसून मी त्यांच्या घरातल्या दुसऱ्या फोनवर त्यांच्याशी बोलत वेळ टिपला. चार दिवस अर्ध्या तासानंतर काकांनी फोन ठेवून दिला. ते म्हणाले, "बिचाऱ्यांना खूप काम दिसतंय."

८. गुरुवारी, १५ तारखेला, चौदाव्या मिनिटाला काकांच्या दारावरची बेल वाजली. तीच दोन माणसे होती. काकांनी फोनचा स्पीकर लावलेला होता आणि आपण पोलिसांच्या प्रतीक्षेत आहात असे त्यावर पुन्हा पुन्हा सांगितले जात होते. काकांनी फोन त्यांच्यापुढे धरला आणि "पोलीस आहेत, बोला" म्हणाले. मंगळवारी येतो, असे सांगून माणसे निघून गेली. ही नोंद फोनच्या बाजूने जाते आणि माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. तरीही ती घडली, म्हणून लिहिली आहे. त्या मंगळवारी मी रजा घेऊन नऊ ते पाच काकांकडे बसले. कोणी आले नाही. माझ्या वर्षाच्या पंचवीस रजांपैकी या प्रकरणात सहा गेल्या आहेत.

९. तरी विनंती अशी: परिच्छेद ४.७ मधले पंधरा फॉर्म वगळावेत, आणि मिल्स रोडची मोजणी त्रयस्थाकडून पुन्हा होईपर्यंत ११ फेब्रुवारीच्या बैठकीत या पदाचा निर्णय घेऊ नये. पद ठेवावेच, असे माझ्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. सह्या करणाऱ्यांचे मात्र तेच म्हणणे आहे आणि ते मी त्यांच्या वतीने इथे मांडते. निवेदन कोणत्याही भाषेत चालेल असे आपल्या सूचनेत आहे. हा अर्ज मराठीत आहे, कारण या वेळी प्रत्येकाने वाचून सही केली आहे.

१०. राहिलेली नोंद: गुरुवारी काकांनी फोन ठेवला नाही. तो एक्केचाळिसाव्या मिनिटाला उचलला गेला. तक्रारीला क्रमांक मिळाला. पोलीस अधिकारी काकांच्या घरी शुक्रवारी, २३ जानेवारीला, म्हणजे नवव्या दिवशी आले आणि अकरा मिनिटे थांबले.

आपली नम्र,
ऋजुता परीक्षित टिपणीस
थॉर्नमिन्स्टर, सोमवार, २६ जानेवारी २०२६