विहीणबाईंचा टोन

३ नोव्हेंबर
कोर्स संपला. दोन रविवार जीव तोडून शिकलो. सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलं, आमच्या लग्नाच्या फोटोच्या जागी. (फोटो फ्रिजमागे सुखरूप आहे.) आजपासून मी पर्सनल कलर सल्लागार. कातडीत गुलाबी झाक असली तर कूल टोन, पिवळी असली तर वॉर्म टोन, आणि त्यावरून लिपस्टिक. जन्मभर भिंतींचे रंग विकले. चेहरा म्हणजे शेवटी छोटी भिंतच.
संकल्प : फुकट सल्ला द्यायचा नाही.

४ नोव्हेंबर
लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंना फुकट सल्ला दिला. त्या मधल्याच मजल्यावर उतरल्या. लिपस्टिक बदलायची घाई झाली असणार.

९ नोव्हेंबर
वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. बायको ओक्रान आणि तिच्या बहिणी कोपरापर्यंत मिरचीत. आयती संधी! तपासणीला केस टोपीत झाकलेले लागतात, ते होतेच. सगळ्या एकजात वॉर्म निघाल्या. धाकटी मेहुणी म्हणाली, भावोजी, ती मिरची आहे. तज्ज्ञाला शिकवू नये, असं तिला शांतपणे सांगितलं. ओक्रानच्या ओठांवर शेड लावून दाखवली. बोट धुवायचं राहिलं होतं. बायको संध्याकाळपर्यंत दूध पीत होती आणि मला 'मेल्या' म्हणत होती.
शेड मी आधी माझ्या मनगटावर लावून बघतो. मास्तर म्हणाले होते, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ धरा. पण गिऱ्हाईक पळतं, मनगट पळत नाही.

१५ नोव्हेंबर
लेक सेरिन सोलहून आली. पुढच्या शनिवारी आमची आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरची पहिली भेट. तिथे लग्नाची तारीख निघायची आहे. पोरीने माझा हात धरला. म्हणाली, बाबा, तुमच्या पाया पडते, त्या दिवशी रंगाबद्दल एक अक्षर काढू नका, त्याची आई फार शिस्तीची आहे, तारीख निघाली नाही तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही.
वचन दिलं. एक अक्षर बोलणार नाही.

१६ नोव्हेंबर
बोलणार नाही म्हटलं. पाठवणार नाही असं कुठे म्हटलं?
चॅटवरचा विहीणबाईंचा फोटो मोठा करून पाहिला. डोंगर, डोक्यावर मेपलची लाल पानं, अंगात ट्रेकिंगचं लाल जाकीट. चेहरा चांगलाच केशरी. वॉर्म टोन, शंभर टक्के! पिकल्या पर्सिमन फळाच्या केशरी रंगाची शेड निवडली. कोर्सच्या नमुन्यातून मनगटावर लावली, आणि इतकी आवडली की रोज लावायचं ठरवलं. अप्रतिम! आजच कुरिअर केली. सेरिनला सरप्राइज.

२२ नोव्हेंबर
भेट झाली. व्याह्यांकडून आलेली भेट न लावणं बरं दिसत नाही, म्हणून विहीणबाई तीच लावून आल्या. पण बिचाऱ्या आजारी दिसल्या. चेहरा हळदीसारखा. ओक्रानने विचारलं, बरं नाही का? व्याही म्हणाले, मीही सकाळपासून तेच विचारतोय, ही म्हणते ठणठणीत आहे. हॉटेलवाल्या बाईंनी न सांगता तांदळाची पेज आणून ठेवली. समोर तीस वाट्यांचं जेवण, आणि विहीणबाईंना ज्याने त्याने आग्रह करून पेजच खायला लावली. आजारी माणसापुढे तारखेचा विषय कोण काढणार? कुणीच काढला नाही.
मी एक अक्षर बोललो नाही. विहीणबाईंच्या पेल्यात दोन्ही हातांनी अदबीने पाणी ओतलं. बाही वर गेली तेव्हा त्या माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. घड्याळ आवडलं असावं.
माझी लिपस्टिक नसती तर आज काय अवस्था दिसली असती, कल्पनाच करवत नाही.

२३ नोव्हेंबर
विहीणबाईंनी गाडीत बसून ओठ पुसले आणि तिथल्या तिथे बऱ्या झाल्या. हे सेरिनने सांगितलं, रडत रडत. मग फोन ठेवला. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.
(पेजेचा गुण उशिरा येतो, हीही शक्यता आहे.)

२५ नोव्हेंबर
सेरिन फोन उचलत नाही. ओक्रान फक्त किमचीशी बोलते.

२९ नोव्हेंबर
विहीणबाईंचं पार्सल. आत तीच लिपस्टिक. पाठोपाठ त्यांचा फोन. सेरिन आलेली होती, तिने स्पीकर लावला. विहीणबाई म्हणाल्या, एप्रिलचा दुसरा शनिवार धरू या का? माझी एकच अट आहे. मांडवात व्याह्यांनी कुणाच्या ओठांकडे बघायचं नाही. आणि भेट परत केली म्हणून राग मानू नका हो, त्या दिवशी ओतताना तुमच्या मनगटावर पाहिली, आणि कुणासाठी घेतलीय ते लक्षात आलं.
ओक्रानने मला खुर्चीत बसवलं आणि लिपस्टिक लावली. सेरिनने आरसा धरला. किती दिवसांनी पोरगी हसली, तेही पोट धरून.
खोटं कशाला लिहू? मला शोभते.
ओक्रान म्हणाली, अख्ख्या कोर्समधून एक निदान बरोबर निघालं, आणि तेसुद्धा विहीणबाईंनी केलं.
सर्टिफिकेट फ्रिजमागे. लग्नाचा फोटो परत भिंतीवर. फोटोत ओक्रानचे ओठ गुलाबी आहेत. तेव्हा तिला कुणी सल्ला दिला नव्हता.