कालव्याकाठच्या तीन तुती

समरकंदजवळून, ११ एप्रिल

चि. मुनिरा हिस,
मावशीचे अ. आ. रीत आहे म्हणून लिहिलेत, मनात आत्ता एकही आशीर्वाद नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. शेजारचा नियोझ टॅक्सी घेऊन ताश्कंदला निघालाय आणि दारात उभा राहून घाई करतोय, तेव्हा थोडक्यात लिहिते.

कालव्याकाठच्या आपल्या तिन्ही तुती कुणीतरी सोलल्यात. बुंध्यालाच, कंबरेच्या उंचीवर, चांगली हातभर रुंद आणि गोल सगळीकडून. मी आधी ओयनिसाच्या बकऱ्यांना शिव्या घातल्या. मग वाकून बघितलं तर कड सुरीनं कापलेली, एकदम सरळ. ओयनिसा कुंपणावरूनच म्हणाली की माझ्या बकऱ्यांना काय बोलतेस, तुझी भाचीच आली होती मंगळवारी. तू बाजारात होतीस, आणि ती म्हणाली की मावशीला माहितीये.

मावशीला काय माहितीये ते मला जरा कळव.

सालोमत


ताश्कंद, १४ एप्रिल

ती. सालोमत-खोला यांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून हसूही आलं, थोडी भीतीही वाटली. बिचाऱ्या बकऱ्या.

हो, मीच ती. तुम्हाला विचारायचंच होतं, पण तुम्ही घरी नव्हतात आणि मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. शनिवारपासून आमचं चित्रप्रदर्शन लागलंय. आटलेलं पाणी, तुटलेली झाडं, असा विषय आहे. माझी कल्पना सगळ्यांना आवडली. प्रत्येक चित्राशेजारी तुमच्या हातकागदाच्या कारखान्यातली एक वही, शाळेच्या जुन्या वह्यांच्या रद्दीतून केलेली. आणि मधोमध त्या तीन साली टांगल्यात, जशा निघाल्या तशा, अखंड. लोक हात लावून बघतात. वह्यांवर चिठ्ठी आहे, ‘झाडाला न दुखवता केलेला कागद, सालोमत-खोला यांच्या हातचा.’ खोला, तुमचं नाव राजधानीत लागलंय.

आणि साल काय, परत येईलच ना? लहानपणी मी बघितलंय, तुम्ही दर वर्षी फांद्या सोलायचात आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा भरलेलं असायचं. गुडघ्याला तेल लावता का? माया असू द्या.

तुमची मुनिरा


१६ एप्रिल

मुनिरा,
आशीर्वाद राहू दे आजचा दिवस.

नीट बसून वाच. मी सातवीपर्यंत शिकले, तू पंधरा वर्षं शिकलीस, आणि फांदी नि बुंधा यातला फरक मी तुला लिहून कळवतेय. फांदी आपण छाटून घेतो, ती मांडीवर घेऊन सोलतो. झाड नवी फांदी काढतं. सोललेल्या फांदीला परत साल आलेली तू कधी बघितलीस? ती आपण चुलीत घालत होतो. तू चुलीपाशी बसून नान खायचीस, तेव्हा जळत काय होतं ते बघितलं नाहीस.

बुंध्याची साल गोल काढली की पानांचं पोषण खाली मुळांना जात नाही. आत्ता झाडं हिरवीगार आहेत. ओयनिसानं त्यांच्याच फांद्या नेऊन रेशमाच्या किड्यांना घातल्या आणि म्हणाली, काही झालेलं नाही गं, उगीच ओरडतेस. झालंय. मुळं उपाशी मरतील आणि पुढच्या वसंतात हे कळेल, तेव्हा उशीर झालेला असेल.

आणि माझ्या नावानं चिठ्ठी लावतेस की झाडाला न दुखवता. मेलेल्या झाडाची कातडी मधोमध टांगून. रद्दीला स्वतःची ताकद नसते, मुली. त्यात मूठभर तुतीची साल कुटून घातली म्हणून ती वही हातात टिकते. त्या वह्यांमधली मूठभर याच तीन झाडांची आहे. ती गेली की मी लगदा ढवळत बसेन आणि पानं हातात फाटतील.

होशिम-बोबांना आणून दाखवलं. जर्दाळूवर कलमं बांधणारा तोच एक माणूस राहिलाय इथं. ते म्हणाले की कुठल्या गाढवानं केलं. मी म्हटलं, घरच्याच. ते म्हणाले, जखमेवरून पूल बांधता येईल. फेब्रुवारीतल्या छाटणीच्या काड्या मी ओल्या वाळूत ठेवल्यात, त्या वरच्या नि खालच्या सालीत खोचून बांधायच्या, एका झाडाला सात-आठ. पण त्यांचे हात आता थरथरतात. खोचायला दुसरे हात लागतील, बारीक काम जमणारे. चित्रं काढणारे हात चालतील, असं म्हणाले.

चार दिवसांत ये. त्यापुढे यायची गरज नाही.

सालोमत


ताश्कंद, २ मे

ती. खोला यांस,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. बोटांवरचे काप भरत आलेत.

तिथे पाच दिवसांत तुम्ही माझ्याशी जेवा आणि झोप एवढेच दोन शब्द बोललात, म्हणून सांगायचं राहिलं ते लिहिते. होशिम-बोबा मला गाढव म्हणूनच हाक मारत होते. तेवीस काड्या खोचल्यावर म्हणाले की गाढवाचे हात बरे आहेत.

परत आल्यावर चिठ्ठ्या काढल्या. तुमचं नाव तिथून हटवलं. साली टांगलेल्याच ठेवल्या आणि खाली लिहिलं की ही तीन जिवंत झाडं होती, मी न विचारता सोलली, कदाचित मरतील. मुनिरा. आयोजक चिडले. म्हणाले, लोक इथे बरं वाटायला येतात. मी म्हटलं, मग मला काढून टाका. त्यांनी काढलं. चित्रं घरी आणलीत, भिंतीला तोंड करून उभी आहेत.

शिव्या द्या हवं तर, पण पत्र लिहा. काड्या फुटल्या का, एवढं तरी.

मुनिरा


१४ मार्च

चि. मुनिरा हिस,
मावशीचे अ. आ.

दहा महिने लिहिलं नाही, कारण खरं काय ते झाडांनाच माहीत होतं. तुझी सहा पत्रं मिळाली. बाजरीच्या डब्यात ठेवलीत.

आता सांगते. कालव्यात पाणी सुटलं त्याला आठवडा झाला. कालव्याच्या पुलाकडच्या झाडाला कळ्या आल्यात, सातातल्या पाच काड्या बोटाएवढ्या जाड झाल्यात. मधल्याला चारच धरल्या, तरी वरपर्यंत कळ्या आहेत. तिसरं, ओयनिसाच्या कुंपणाजवळचं, मेलं. नखानं खरवडून बघितलं, आत तपकिरी आहे. काल शेजारच्या मुलांनी करवतीनं आडवं केलं. ओयनिसा रडली. मी नाही रडले, मला फार राग आला होता.

होशिम-बोबा म्हणतात, जगलेल्यांना दोन वर्षं छाटायचं नाही. तोवर मूठभर तुती मी पलीकडच्या गावातून मागून आणतेय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात टोपली घेऊन उभी राहिले. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात नवरोझच्या सणाला ये. चित्रं आणू नकोस, जुने कपडे आण. काड्यांच्या दोऱ्या आता खोडात रुततायत, त्या कापायच्यात, आणि कुठली गाठ कुठे आहे हे तुलाच ठाऊक. तिसऱ्याच्या जागी रोप लावायचंय. खड्डा मी खणलेला नाही, आणि कुणाला खणूही दिलेला नाही.

राग आहे तेवढाच आहे, माया पण. दोन्ही घेऊन ये-जा करत राहा.

तुझी मावशी
सालोमत