एका नंबरच्या हरकती

नवागाम, सुरत

प्रिय धनश्री,

लोखंडी जिना मी वेल्ड केला. पायऱ्या सगळ्या साडेसात इंची, एकही उणीअधिक नाही. तुझं अभ्यासाचं टेबल, टाकीखालचा स्टँड, भंगारातले पार्ट जुळवून उभा केलेला कॉम्प्युटर, सगळं या हातांचं. लूमचा फिटर मी, हे कुणी शिकवलं नाही. म्हणून तर गल्ली माझ्याकडे आली.

पालिकेने आपल्या गल्लीतून मोठा रस्ता आखला आणि नकाशा वेबसाइटवर टाकला. घरांचा पुढचा अर्धा भाग जाणार. नागरिकांनी हरकती ऑनलाइनच नोंदवायच्या, आणि प्रत्येक हरकतीला मोबाइलवर ओटीपी येणार. आपली माणसं पाळीवर. लूम चालू असताना फोन हातात घेऊ देत नाहीत. ओटीपी कुणाला विचारत बसू? सगळ्यांच्या अर्जावर मी माझाच नंबर घातला. नाव, घरनंबर, सहीचा फोटो, दोनदा तपासून. दर अर्जाला हिरवी खूण आली. प्रमिलाबाईने तर पेढे आणले.

मुदत संपली, यादी लागली. अख्ख्या गल्लीतून हरकत एकच, माझी. पान अगदी खाली सरकवलं तेव्हा गुजरातीत नियम दिसला : एका नंबरवरून आलेली पहिलीच हरकत धरली जाईल. गुजराती मला वाचता येतं, बेटा. मी पानाच्या खालपर्यंत गेलोच नाही. मला येतंय सगळं, असं धरून चाललो.

आता धुडकूकाका ओट्यावरून सगळ्यांदेखत विचारतो, "कितला लिन्हा रे भो?" मी पैसे खाल्ले असंच धरलंय त्याने. नियम दाखवला तर म्हणतो, "तुले वाचता येस ना, मंग?" यंदा कानबाईच्या सणात गाण्यांना तुझ्या आईला कुणी हाक मारली नाही. वॉर्डाच्या कार्यालयात गेलो, तर खिडकीतला मुलगा गोड हसून म्हणाला, "अंकल, तमारो वांधो तो नोंधाई गयो छे." माझी हरकत नोंदवली गेली, तेच तर दुखणं आहे.

जावई म्हणतात, नंदुरबारला या. आलो तर म्हणतील, पैसे घेऊन पळाला. राहिलो तर रोज तो ओटा ओलांडायचा. आणि घर विकू म्हटलं, तर अर्धं जाणारं घर घेणार कोण?

काल फोनवर तू विचारलंस, अप्पा, खरंच काही घेतलं का? मी नाही म्हटलं आणि तू गप्प झालीस. त्या गप्प होण्यासाठी हे पत्र. अर्ज भरायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी, मागच्या मोकळ्या जमिनीच्या बिल्डरचा माणूस घरी आला होता. रस्ता त्यालाच हवाय. मी कुणाजवळ बोललो नाही. नाही म्हटल्याची काय दवंडी पिटायची? आता बोललो तर बनवून सांगतो म्हणतील. पण तू ऐक. लोकांचे अर्ज भरू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बदल्यात सुरतजवळच्या सचिन गावात दुकानाचा गाळा, आणि वर रोख सात लाख रुपये.

तुझाच,
अप्पा