वामनरावांचा लाल गोल

वरूड, ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप नत्थुजी मामांच्या चरणी भाची वर्षालीचा नमस्कार पोचावा.

अकोल्यात सगळी खुशाली असेल आणि मामीचे गुडघे या थंडीत फार कुरकुरत नसतील, अशी आशा करते. मी इथे मजेत आहे. (म्हणजे जेवते आणि झोपते.) तुम्हीच शब्द टाकून तुमच्या साडभावांच्या, म्हणजे वामनराव काकाजींच्या संत्रा पॅकिंग सेंटरवर मला संगणक सांभाळायला लावून दिलंत. सहा महिने काम पाहू आणि मग कायम करू, असं ते म्हणाले होते. ते सहा महिने येत्या सोमवारी भरतात आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातंय.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी पेट्यांवरची लेबलं छापणाऱ्या यंत्राने अचानक दोनशे लेबलांवर कसलीशी अगम्य अक्षरं छापून टाकली. (एका ट्रक ड्रायव्हरने मंत्र समजून हात जोडले.) आपल्या नेटवर्कमध्ये, म्हणजे सेंटरचे संगणक, कॅमेरे, छपाईयंत्रं ज्यात एकमेकांना जोडलेली आहेत त्यात, बाहेरचं कुणीतरी शिरलं होतं. उद्या त्याने ट्रकांची यादीच पुसली, तर कुठला माल कुठे धाडायचा? काकाजी म्हणाले, "सोमवारपर्यंत शोध, नाही तं मी बाहेरची कंपनी लावतो." म्हणजे मी घरी.

मी तीन साधनं लावून पाहिली. तिन्ही मोफत, आणि आतून कशी केली आहेत तेही कुणालाही पाहता येतं. (मोफत म्हटल्यावर काकाजींना आधी संशय आला, मग "फुकट ते पौष्टिक" म्हणून ते निवांत झाले.) पहिलं अँग्री आयपी स्कॅनर. नावाने रागीट, स्वभावाने गरीब. नेटवर्कवर कोण कोण जागं आहे, त्याची भराभर हजेरी घेतं आणि गप्प बसतं. दुसरं एनमॅप. ते स्थळ पाहायला आलेल्या आत्याबाईसारखं प्रत्येक संगणकाकडे जातं आणि कुठलं दार उघडं, आत काय चालतं, सगळं विचारून येतं. पण सांगतं ते काळ्या पडद्यावर, ओळीच्या ओळी. काकाजींनी चष्मा लावला, काढला आणि म्हणाले, "हे कोन वाचन?" म्हणून तिसरं, झेनमॅप. हे एनमॅपचंच नटवलेलं रूप, नेटवर्कचं चित्र काढून देतं. ज्या यंत्राची दारं जास्त उघडी त्याचा गोल मोठा, आणि फारच उघडी असली तर लाल. (मधोमध आपलाच, म्हणजे साधन चालवणाऱ्याचा संगणक असतो. तो मी बोटाने झाकून धरला होता.) मी ते छापलं आणि सभेत टेबलावर ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामा, लग्नपत्रिकेत नाव खाली गेल्यावर जे होतं, ते झालं. काकाजींच्या केबिनमधल्या संगणकाचा गोल सगळ्यांत मोठा आणि लालभडक. (बागेचे कॅमेरे, टीव्ही, गाणी, ज्याने जे सुचवलं ते त्यांनी त्यात बसवून घेतलंय.) त्यांची छाती फुगली. लगेच भागीदार माणिकबाई उठल्या, "माहा गोल एवढुसा काहून वं? माही बाग यायच्याहून दुप्पट हाये!" पॅकिंग पाहणारे जीवनदादा रुसले, कारण त्यांचा गोल हिरवा आणि अगदी कडेला. पंगतीच्या शेवटी बसवल्यासारखं त्यांना वाटलं. हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे चोराला आवतण, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. तरी माणिकबाईंनी दोन दिवसांत आपल्या संगणकावर काय काय बसवून सात दारं उघडून घेतली. काकाजींनी तर चित्राला चौकट करून केबिनमध्ये लावलं आणि वर झेंडूचा हार घातला. मला हसू येतं, पण भीतीही वाटते. काम मला मनापासून आवडतं, आणि चोराचा रस्ता सापडूनही ते हातचं जाईल असं दिसतंय.

बाकी क्षेम. मामीला नमस्कार सांगा. संत्र्यांची पेटी सोबत पाठवते आहे, खालच्या थरातली आधी खा.

आपली,
वर्षाली

ता. क. पत्र पाकिटात घालणार होते, तेवढ्यात हिंमत करून काकाजींना एकटं गाठलं. म्हटलं, लाल गोल हा मान नव्हे, चोर तुमच्याच संगणकातून आला. त्यांनी चित्रावरचा हार सरळ केला. मग ते हळूच म्हणाले, "समजते वं मले. कर बंद. पन नत्थुजी येऊन गेल्यावर. चार साल झाले, साडभाऊ इकडे फिरकला नाही. त्याले एकडाव पाहू दे."

आणखी ता. क. तेव्हा मामा, सोमवारच्या आत या. अमरावतीपर्यंत आलात, की तिथून वरूडची बस कधीही मिळते. चित्रासमोर उभं राहून "बापा, केवढा मोठा!" एवढंच म्हणा, आणि चहावर उठू नका, ते जेवायचा आग्रह करतील. तुम्ही ताटावर बसलात, की मी केबिनमध्ये जाऊन दारं लावून घेते.