कुरणाला कुलूप

३ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो केवळ रीत म्हणून. फोनवर आपण दोघी एकदम ओरडतो, तेव्हा भांडायचं तर कागदावर भांडा, माझ्या कानांना सुट्टी द्या, असं दादाने बजावलंय. म्हणून कागदावर.

रविवारी मी न सांगता तबेल्यावर आले आणि काय पाहिलं? माझी ठिणगी, जिला शिंगरू असल्यापासून मी हाताने वाढवलं, उड्या मारायला शिकवलं, जिच्यावर बसून फेब्रुवारीत मला राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचंय, ती कुरणाच्या चिखलात चारी पाय वर करून लोळत होती! शेजारी तुझी ती म्हातारी आजीबाई घोडी निवांत चरत होती. सकाळी सराव, संध्याकाळी दोर धरून फेरी, बाकी वेळ तबेल्यातल्या ठाणात, असं मी सांगितलं होतं की नाही? तू हो म्हणाली होतीस की नाही? माझी पाठ फिरली की तू सोडत होतीस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दादा मागे मूग गिळून उभा होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

हा गुडघा पुढच्या वर्षी मला खोगिरावर बसू देणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ही माझी शेवटची मोठी स्पर्धा, आणि ठिणगीचा पाय मुरगळला तर तीही नाही. म्हणून निघताना कुरणाच्या फाटकाला मी कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. पुन्हा असं झालं तर तिला इथे शहरातल्या मोठ्या तबेल्यात हलवीन, तिथे घोडे बाहेर सोडतच नाहीत. मग ये तिला भेटायला तिकीट काढून.

लोभ असू दे. माझ्या घोडीवर जरा कमी असला तरी चालेल.

तुझी नणंद,
लवंगी


९ नोव्हेंबर

तीर्थरूप वन्संबाईंना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

वयाने माझ्याहून लहान असलात तरी माझ्या फाटकाला कुलूप लावण्याइतक्या मोठ्या झालात, म्हणून हे साष्टांग. पत्र पोचलं. वाटेत त्याने पेट कसा घेतला नाही याचं नवल वाटलं.

लपवलं हे कबूल. सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मला ते नाही ऐकायचं नव्हतं. पण सोडत होते ते काही डोळे मिटून नाही. आधी छोट्या कुंपणात, एकटीला, थोडाच वेळ. तिथे ती उधळायची थांबून चरायला लागली तेव्हा कुरणात. चारी पायांना जाड पट्टे. आजीबाई कधी लाथ झाडत नाही, तरी नालबंदाला बोलावून तिचे मागचे नाल काढून घेतले, म्हणजे लागलीच तर खुराची लागेल, लोखंडाची नाही. तुमचा भुंगा घोडा गेल्यापासून कुरणातलं एकेक बीळ मी स्वतः माती घालून बुजवते. यातलं काही विचारलंत? छे! आलात, फणकारलात, कुलूप ठोकलंत आणि चहासुद्धा न घेता गेलात. शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

आता ठिणगीची हकिकत ऐका. ठाणाच्या दारात उभी राहून दिवसभर डुलते, या पायावरून त्या पायावर. दाराची फळी तिने कुरतडून ठेवलीय. काल चंदी घालायला गेलेल्या मोतद्दाराचा दंडच तिने दातात धरला. त्या गरीब माणसाने तिला आणि तुम्हाला एकदमच शिव्या घातल्या, आणि मी त्याला गप्प केलं नाही.

कुलूप मी एका घावात तोडलं असतं. पण तोडलं की तू तिला नेशील, म्हणून हात आवरलाय. लवंगे, ती घोडी आहे गं, कपाटात ठेवायचं चांदीचं भांडं नाही.

लोभ आहेच. तो कमी करता येत नाही हीच माझी अडचण आहे.

तुझी वहिनी


१४ नोव्हेंबर

वहिनी,
स. न. वि. वि.

चोर तो चोर, वर शिरजोर! मला फसवलंस, आणि आता मलाच साष्टांग घालतेस. बिळं बुजवलीस म्हणे. कधी? भुंगा गेल्यावर. वरातीमागून घोडं.

भुंगाही मोकळाच होता. मजेत धावत होता, सगळं खरं. पाय बिळात गेला आणि हाड बाहेर आलं. डॉक्टर इंजेक्शन भरत होते तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तुझ्या नाही. तो माझ्याकडे बघत होता, आता ही काहीतरी करेल म्हणून. मी पुन्हा तशी बसणार नाही. मला दुष्ट म्हण, हट्टी म्हण, काय वाट्टेल ते म्हण. डुलते तर डुलू दे. फेब्रुवारी संपला की लोळ म्हणावं हवी तेवढी.

किल्ली मिळणार नाही.

राग आहे, आणि तो वृद्धिंगत होतो आहे.

लवंगी


४ डिसेंबर

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

‘वरातीमागून घोडं’ वाचलं आणि पत्र डब्याखाली दाबून ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर. लागलं मला ते. लागावं म्हणूनच लिहिलं होतंस, तेव्हा तुझं काम झालं.

ठिणगी चंदी अर्धी टाकायला लागली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी घालून पोट पाहिलं. आत व्रण झालेत. ते म्हणाले, औषध देतो, पण घोड्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं, हिंडायला लागतं, जवळ दुसरं घोडं लागतं. हे मिळालं नाही तर औषध थांबलं की दुखणं परत. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बोलला कोण, तर तुझा दादा! म्हणाला, आता पुरे झालं, लवंगीला सांगायलाच हवं. आणि लगेच म्हणाला, तूच सांग.

तेव्हा मीच सांगते. शनिवारच्या छोट्या स्पर्धेला तू तिच्यावर बसणारच आहेस. बस आणि बघ. मग एकतर किल्ली दे, नाहीतर गाडी आणून तिला घेऊन जा. तिला तसं डुलताना रोज बघायचं आणि वर तुझी बोलणी खायची, दोन्ही माझ्याच्याने होणार नाही. एवढा संताप मला या घरात आल्यापासून कधी आला नव्हता.

दादाचा नमस्कार. तो तुला घाबरतो, मी नाही.

तुझी वहिनी


९ डिसेंबर

वहिनीस,
स. न. वि. वि.

तू शनिवारी मुद्दामच आली नाहीस, तरी तुला दादाने सांगितलं असेल. मैदानाच्या तोंडाशीच ठिणगी दोन पायांवर उभी राहिली. आत गेल्यावर पहिल्या अडथळ्यापुढे अडली, पुन्हा नेलं तर पुन्हा अडली, आणि मग मला घेऊन सरळ मैदानाबाहेर पळाली. बाद झाल्याची घंटा वाजली. लोक हसले. मला हसले असते तर सोडून दिलं असतं, पण तिला हसले. डोक्यात बिघाड आहे म्हणाले, माझ्या ठिणगीच्या!

उतरून तिच्या मानेवर हात ठेवला तर माशी बसल्यासारखी तिने कातडी झटकली. मला ओळखत नसल्यासारखी.

किल्ली सोबत आहे. याचा अर्थ तू बरोबर होतीस असा काढलास तर याद राख! जमीन ओली असेल तर सोडायचं नाही. पुन्हा छोट्या कुंपणापासून सुरुवात करायची. पायांचे पट्टे रोज काढून आत वाळू गेली का ते बघायचं, नाहीतर त्यानेच सोलवटतं. आजीबाईखेरीज दुसरं कुणी जवळ नको. आणि यापुढे मला खोटं सांगायचं नाही. सोडलंस तर सोडलं म्हण, पडली तर पडली म्हण.

लोभ थोडा शिल्लक आहे, जपून वापर.

लवंगी


१३ जानेवारी

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

खोटं सांगायचं नाही म्हणाली होतीस. फोन उचलायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र दादा स्वतः घेऊन येतोय.

आज सकाळी ठिणगीला मी कुरणात सोडलं. जमीन कोरडी होती. पट्टे होते. गेला महिनाभर ती किती सुधारली होती, तू डोळ्यांनी पाहिलंस. डुलणं थांबलं, चंदीची पाटी चाटून पुसून, आणि परवा तिच्यावरून उतरताना तू चक्क गाणं म्हणत होतीस. आज आजीबाईबरोबर ती खेळत होती. पळता पळता कुंपणाजवळ गर्रकन वळली आणि परत आली ती तीन पायांवर.

डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं. डाव्या पुढच्या पायाचा मागचा स्नायुबंध थोडा फाटलाय. जिवाला धोका नाही. चालेल, पळेल, वर्षभराने बहुतेक उड्याही मारेल. फेब्रुवारीत नाही. याचा तुझ्यासाठी काय अर्थ आहे ते मला कळतं.

कुठे चुकलं म्हणून मी डोकं फोडून घेतेय. चुकीचं काही सापडत नाही आणि त्याचाच राग येतोय, स्वतःचा, तिचा, त्या वेड्या वळणाचा. मोतद्दाराला किंवा दादाला बोलू नकोस. सोडलं मी. ये आणि मला बोल. गाडी घेऊन आलीस तरी मी आडवी येणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

वहिनी


२२ जानेवारी

वहिनीस,
स. न. वि. वि.

दादाने पत्र दिलं आणि तो बाहेर जिन्यात जाऊन बसला. बरं केलं. मी कप फेकला, मग बशी फेकली. तुझ्या नावाने काय काय बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलंय, तू विचारू नकोस.

माझी स्पर्धा गेली. आता कुणी मला ‘पुढच्या वर्षी’ म्हणालं तर मी त्याचा गळा धरेन. फार राग आलाय गं वहिनी. झोपेतून उठते ती रागातच उठते. तू काही चुकली नाहीस हे वाचलं तेव्हा तर जास्तच आला. चुकली असतीस तर किती सोपं झालं असतं.

परवा त्या मोठ्या तबेल्यात गेले. ठिणगीला तिकडे टाकायचं ठरवूनच गेले होते. मॅनेजरने सगळं हिंडवून दाखवलं. भिंतींना रबर, ठाणाठाणात कॅमेरा, घोडे चालवायला यंत्र. एकाच्याही अंगावर ओरखडा सापडणार नाही, बाई, म्हणाला, आणि खरंच नव्हता. मी विचारलं, हे लोळतात कुठे? तो हसला, म्हणाला, लोळायची गरजच काय, आम्ही अंग पुसतो की. ती अख्खी रांग ओलांडून गेले, पण कोण आलं म्हणून एकानेही मान वर केली नाही. मी त्या मॅनेजरवर ओरडले. बिचाऱ्याला काय झालं ते कळलंच नाही. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि ढसाढसा रडले.

गाडी मागवली नाही.

काल डॉक्टरांशी बोलले. आधी ठाणात विश्रांती, मग दोर धरून फेऱ्या, मग छोटं कुंपण, मग कुरण. मी विचारलं, पुन्हा काही होणार नाही याची खात्री द्या. ते म्हणाले, ती कुणी देणार नाही, कोंडून ठेवलीत तरी नाही. त्यांच्यावरही ओरडणार होते, पण त्यांनी आधीच फोन ठेवला.

दोर धरून फेऱ्या मी मारीन. चालायला गुडघ्याची हरकत नाही. दर शनिवारी येईन, चहा ठेव, जास्त बोलू नकोस. आणि कुरणात सोडायचा दिवस आला की मला कळवायचं. मी भीतीने मरेन, तुला शिव्या देईन, पण सोडीन मी. तू शेजारी उभी राहा. काही झालंच, तर पुन्हा तुला एकटीला असं पत्र लिहावं लागू नये.

लोभ सध्या मागू नकोस, द्यायच्या मनःस्थितीत नाही. घोडी मात्र तुझ्याकडेच राहील.

लवंगी